वस्तरा पट्ट्यावर ओढल्यावर धार येण्याऐवजी उतरते आहे. माझे नेमके कुठे चुकत असावे?

प्रश्न : नवशिका, गिरगाव

सप्रेम नमस्कार.

गेल्या दिवाळीत घर आवरताना माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आजोबांचा वस्तरा सापडला. पात्याच्या मुळाशी ‘झोलिंगेन’ असे कोरलेले आहे. पाते पाठीकडे जाड असून दोन्ही अंगांनी आत खोलगट होत धारेपाशी कागदासारखे पातळ झाले आहे. तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवल्यामुळे त्यावर गंज जवळजवळ नव्हता. एका जाणकार गृहस्थांनी तो पाण्याच्या दगडांवर घासून मला धार लावून दिली आणि परत देताना बजावले की, दाढीपूर्वी दर वेळी चामड्याच्या पट्ट्यावर ओढत जा, म्हणजे दगडाची गरज महिनोन्महिने पडणार नाही.

पहिल्या दोन दाढ्या इतक्या सुरेख झाल्या की गालावरून पाते फिरते आहे हेही जाणवत नव्हते. तिसऱ्या दाढीला हनुवटीवर ओढ लागू लागली आणि सहाव्या दाढीनंतर मला वस्तरा बाजूला ठेवावा लागला. या काळात मी पट्ट्यावर ओढण्यात एकदाही कसूर केलेली नाही. माझा पट्टा अडीच इंच रुंद आहे, एका बाजूला चामडे आणि दुसऱ्या बाजूला जाड सुती कापड असा. चाळीतल्या खोलीत दुसरी सोय नसल्याने तो खिडकीच्या गजाला अडकवतो, खालचे टोक डाव्या हातात धरतो आणि साठ फेऱ्या मारतो, चित्रफितींत पाहिल्याप्रमाणे शक्य तितक्या झपाट्याने.

दोन गोष्टी मुद्दाम नोंदवतो. पट्ट्यावर गजाकडच्या टोकापासून चार बोटे अलीकडे अर्धचंद्रासारखे दोन काप पडले आहेत. त्यांवरचा चामड्याचा पापुद्रा माझ्या बाजूला चिकटलेला आहे आणि त्याचे तोंड गजाच्या दिशेने उघडते. शिवाय जुलै लागल्यापासून पात्यावर धारेलगत बारीक तांबूस ठिपके दिसू लागले आहेत. पट्टा टाकून द्यावा का, वस्तरा पुन्हा दगडावर न्यावा का, आणि ती हिरवी पेस्ट मिळते ती पट्ट्याला लावल्याने काम भागेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. आजोबांची वस्तू माझ्या हातून खराब होऊ नये, ही मनापासून इच्छा आहे.

उत्तर : अंधेरीकर

हिरवी पेस्ट अवश्य लावावी. तिच्यात क्रोमियम ऑक्साइड असते आणि त्याचे कण साधारण अर्ध्या मायक्रॉनचे असतात. माझ्या वस्तऱ्याची धार मंदावली की मी त्या पेस्टवर दहा फेऱ्या मारतो आणि ती पुन्हा जागी होते.

उत्तर : लालबागचा जुना रहिवासी

आपण ते दोन काप इतके बारकाईने पाहिलेत, त्यामुळे निदान सोपे झाले आहे. पेस्टचा विचार सध्या बाजूला ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन.

आमच्या वडिलांचे लालबागला केशकर्तनालय होते. गिरण्या चालू होत्या तेव्हा, म्हणजे १९८२ च्या संपापूर्वी, पाळी सुटली की बाकावर जागा उरत नसे आणि खुर्चीला अडकवलेल्या पट्ट्यावर वडिलांचा वस्तरा दिवसभर चाले. मला त्यांनी बाराव्या वर्षी पट्ट्यापाशी उभे केले, पण हातात वस्तरा दिला नाही. पावाला लोणी लावायची बोथट सुरी दिली आणि आख्खा श्रावण तीच ओढायला लावली. तेव्हा मला त्याचा राग येत असे. आज आपल्याला मी तेच सांगणार आहे.

मूळ नियम असा की, दगडावर धार पुढे चालते आणि पट्ट्यावर पाठ पुढे चालते. वस्तरा आपल्यापासून दूर जात असताना पाठ गजाकडे आणि धार आपल्याकडे असते; परत येताना पाठ आपल्याकडे आणि धार गजाकडे. हा पालट पाठीवरून व्हायचा असतो. पाठ चामड्यावर टेकलेलीच राहते, धार हवेतून वरून फिरते आणि पलीकडे अलगद टेकते. वडील हे मला तीन वेगवेगळ्या क्रिया म्हणून शिकवीत असत : आधी थांबायचे, मग पालटायचे, मग निघायचे. वेग वाढला की या तिन्ही क्रिया एकमेकींत मिसळतात आणि चामडे कापले जाते.

आता आपले काप पाहू. पापुद्रा आपल्या बाजूला चिकटलेला आहे आणि तोंड गजाकडे उघडते, याचा अर्थ पाते गजाकडून आपल्याकडे येत असताना चामड्यात शिरले. म्हणजे पालट पूर्ण होण्याआधीच आपला हात परत निघाला होता आणि धार अजून आपल्याकडेच होती. तोंड आपल्या दिशेने उघडत असते, तर दोष उलटा ठरला असता. म्हणजे वस्तरा थांबण्यापूर्वीच आपण तो पालटलात, असे मी म्हटले असते. कापाचे हे दोनच प्रकार मी आजवर पाहिले आहेत, आणि शिकाऊ मुलगा पट्ट्यावर काय करतो ते वडील त्याला न पाहता केवळ पट्टा पाहून सांगत असत. जिथे चामडे कापले गेले नाही, अशा कितीतरी वळणांवरही धार थोडी थोडी चामड्यावर आपटली असणार. आपल्या वस्तऱ्याची धार तिथेच गेली आहे.

हाताची ठेवण नीट बसली की वळण आपोआप सुधारते. दांडा पात्याच्या सरळ रेषेत उघडा. पाते आणि दांडा यांच्यामधली जी अरुंद मान असते, ती अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरा आणि पालटताना मनगट वळवू नका. फुलवात वळताना कापूस जसा दोन बोटांत लोळतो, तशी ती मान बोटांतल्या बोटांत लोळली पाहिजे. मनगट वळले की पाठ उचलली जाते, आणि पाठ उचलली गेली की धार खाली टेकते.

वेगाचा मोह सोडावा. एका फेरीला, म्हणजे जाऊन येण्याला, तीन ते चार सेकंद लागले तरी काही बिघडत नाही. झपाट्याने ओढल्यामुळे धार अधिक येते असे मुळीच नाही. अनुभवी हाताला वेग आपसूक येतो, एवढेच. दाब तर द्यायचाच नाही. वस्तऱ्याचे स्वतःचे वजन पुरेसे असते. पाते साधारण तीन इंच लांब आणि आपला पट्टा अडीच इंच रुंद असल्याने संपूर्ण धार एका वेळी पट्ट्यावर बसणार नाही. म्हणून किंचित तिरके ओढावे : सुरुवातीला पात्याची टाच पट्ट्यावर असावी आणि शेवटाला टोक, म्हणजे धारेच्या प्रत्येक भागाला चामडे मिळते.

संख्या विचाराल तर आधी कापडाच्या बाजूवर वीस आणि मग चामड्यावर चाळीस फेऱ्या पुष्कळ झाल्या. वडील मोजत नसत, ते ऐकत असत. पात्याचा चामड्यावरचा आवाज जाताना आणि येताना सारखा यायला हवा. एका दिशेला घसरल्यासारखा आणि दुसऱ्या दिशेला खरडल्यासारखा आला, तर एका बाजूला पाठ नीट टेकत नाही, असे समजावे.

शेजारच्या सलूनमधल्या मुलाकडून हे शिकता येईल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. आज तिथे अर्धे ब्लेड बसवायचा वस्तरा वापरतात आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे पाते मिळते. आरोग्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे, पण त्या वस्तऱ्याला पट्टा लागत नाही, त्यामुळे हे काम हातात बसलेली माणसे आता आमच्या व्यवसायातही थोडीच उरली आहेत. आपल्यासारखा एखादा तरुण ते शिकू पाहतो याचा मला आनंद होतो. दहा दिवस बोथट सुरीवर सराव करा आणि मगच आजोबांचा वस्तरा हातात घ्या.

उत्तर : निवृत्त टूलरूम कारागीर, मुलुंड

वरील विवेचनाशी मी पूर्णपणे सहमत आहे. पट्टा ढिला राहिल्याने काय होते, ते मात्र आमच्या कामाच्या भाषेत सांगतो, कारण खिडकीच्या गजाला अडकवलेला पट्टा अनेकदा मधोमध झोल खातो.

वस्तऱ्याची पाठ ही केवळ मजबुतीसाठी जाड ठेवलेली नसते, ती धारेचा कोन ठरवते. पाठीची जाडी साडेचार मिलिमीटर आणि पाठीपासून धारेपर्यंतचे अंतर १५ मिलिमीटर धरले, तर धारेचा एकूण कोन सुमारे १७ अंश येतो. दगडावर पाठ आणि धार दोन्ही टेकवून घासले की हाच कोन दर वेळी मिळतो, वेगळे साधन लागत नाही. पट्टा ताठ असेल तर त्यावरही तोच कोन राहतो. पण पट्ट्याला झोल असेल किंवा हाताने दाब दिला असेल, तर चामडे पात्याखाली दबते आणि धारेच्या मागे वर उचलून तिला वळसा घालते. मग पाते साऱ्या बाजूभर घासले जाण्याऐवजी अगदी कडेलाच, अधिक उभ्या कोनात घासले जाते. प्रत्येक फेरीला ती कड किंचित गोल होते. साठ फेऱ्या गुणिले सहा दाढ्या असा हिशेब केलात, तर वस्तऱ्याची तक्रार रास्त वाटेल.

हे प्रत्यक्ष पाहता येते. खिडकीजवळ उभे राहून धार सरळ डोळ्यांसमोर धरा, पाठ खाली आणि धार वर, आणि वस्तरा हळूहळू कलता करा. चांगली धार अशा वेळी दिसतच नाही, कारण प्रकाश परतवायला तिथे पृष्ठभागच नसतो. जिथे पांढरी रेघ किंवा ठिपका चमकेल, तिथे धार गोल झाली आहे किंवा तिचा टवका उडाला आहे. नागदेवी स्ट्रीटवर हत्यारांच्या दुकानांत दहापट मोठे दाखवणारे भिंग मिळते, ते जरूर घ्यावे. मी भिंगाशिवाय कोणत्याही धारेविषयी मत देत नाही.

टवक्यांचे मूळ बहुतेकांना ठाऊक नसते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी दाढीच्या पात्यांचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास करून २०२० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात असे दाखवून दिले की, केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ असूनही तो वाकून पात्याला तिरका भिडला आणि पोलादाची घडण त्या जागी असमान असली, तर धारेचा सूक्ष्म टवका उडतो. तो प्रयोग नेहमीच्या वापरून टाकायच्या पात्यांवर होता, पण त्यातून बोध घेण्यासारखा आहे. पट्टा धारेची किंचित वाकलेली कड सरळ करतो आणि तिला झिलई देतो. उडालेला टवका तो भरून काढू शकत नाही आणि गोल झालेली कडही परत आणू शकत नाही. म्हणून आपला वस्तरा एकदा दगडावर न्यावाच लागेल. मूळ कोन शाबूत असल्यास आठ हजार आणि मग बारा हजार ग्रिटच्या बारीक दगडांवर थोड्या फेऱ्या पुरतील, अगदी जाड दगडापासून सुरुवात करायची गरज पडू नये.

एक कळकळीची विनंती : सायकलला चाक जोडून गल्लीत येणाऱ्या धारवाल्याकडे हा वस्तरा देऊ नका. त्याचे चाक विळीला आणि सुरीला उत्तम असते, मी स्वतः त्याच्याकडून घरच्या सुऱ्या करून घेतो. पण वस्तऱ्याची धार इतकी पातळ असते की कोरड्या चाकावर ती क्षणात तापते, पोलादाचे पाणी उतरते आणि मग ती धार टिकत नाही. शिवाय पाठ आणि धार यांचे नाते एकदा बिघडले की ते परत जमवायला पुष्कळ पोलाद घासावे लागते.

पेस्टविषयी अंधेरीकरांचे म्हणणे चुकीचे नाही, पण ते बसलेल्या हाताला लागू पडते. पेस्ट पोलाद कापते. सदोष वळण आणि ढिला पट्टा असताना तीच पेस्ट धार अधिक वेगाने गोल करील. रोजच्या पट्ट्याला तर ती कधीही लावू नये, कारण चामड्यात मुरलेले कण पुन्हा काढता येत नाहीत. पुढे गरज वाटली तर सपाट लाकडी फळीवर चिकटवलेला वेगळा पट्टा त्यासाठी ठेवावा.

धारेलगतचे ठिपके गंजाचे आहेत. तिथे खड्डा पडला की टवका उडायला निमित्त मिळते, म्हणून ते हलक्यात घेऊ नका. दाढी झाल्यावर पाते धुऊन पुसा, पट्ट्याच्या कापडी बाजूवर दहा फेऱ्या मारा म्हणजे डोळ्यांना न दिसणारा ओलावाही निघून जाईल, आणि पावसाळ्यात शिलाई मशीनच्या तेलाचे एक बोट फिरवून ठेवा. वस्तरा न्हाणीघरात ठेवू नका. पुढच्या दाढीपूर्वी ते तेल कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे, नाहीतर ते चामड्यात उतरते.

उत्तर : चामड्याचे काम करणारी, सायन

पट्ट्याची बाजू मी मांडते, कारण तो टाकून देण्याची काहीही गरज नाही. खोलगट काप धारेला इजा करत नाही, वर उचललेला पापुद्रा करतो. पापुद्र्याखाली काडीच्या टोकाने चामड्याचा रबरी गोंद अगदी पातळ लावा, तो थोडा सुकू द्या, मग दाबून बसवा आणि एक दिवस पट्टा वजनाखाली सपाट ठेवा. दुसऱ्या दिवशी सपाट लाकडी ठोकळ्याला ४०० नंबरचा आणि नंतर ६०० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून ती जागा कोरडीच, हलक्या हाताने समपातळीत आणा. शेवटी धूळ ब्रशने झटकून स्वच्छ फडक्याने पट्टा पुन्हा पुन्हा पुसा. पेपरचा एक कण जरी चामड्यावर राहिला, तरी तो पात्यावर ओरखडा काढील.

मुंबईच्या पावसाळ्यात चामड्यावर बुरशी धरते. पट्टा घडी न घालता, भिंतीपासून थोडा सुटा, वारा लागेल असा टांगावा. गजाला अडकवलेला पट्टा काम झाल्यावर काढून आत घ्यावा, कारण झडीचे पाणी एकदा चामड्यात शिरले की ते वाकडे होऊन सुकते. कडक उन्हात वाळवू नये. वरून तेल चोपडण्यापेक्षा दर वेळी वापरण्यापूर्वी स्वच्छ, कोरडा तळहात दहा-बारा वेळा दाबून फिरवावा. त्याने धूळ निघते आणि हाताची जेवढी स्निग्धता लागते, तेवढीच चामड्याला मिळते.

पुढे कधी नवा पट्टा घ्यावासा वाटला, तर धारावीतल्या चामड्याच्या दुकानांत वनस्पतीजन्य द्रव्यांनी कमावलेले म्हशीचे चामडे मागा. कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावतात, त्याच जातीचे. पर्सेसाठी मिळणारे मऊ, लवचीक चामडे घेऊ नका, ते ताणल्यावर लांबते आणि वर मुलुंडच्या काकांनी सांगितलेला झोल त्यात कायमचा राहतो.

प्रश्नकर्त्याचे पुढील निवेदन : नवशिका, गिरगाव

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला पाच आठवडे लागले, कारण सांगितलेले सगळे करून पाहिल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

लोण्याच्या सुरीवर दहा दिवस सराव केला. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आले की परतीच्या वळणावर माझा श्वास अडखळतो आणि त्याच क्षणी हात निघतो. तेव्हापासून गजाकडच्या टोकाला पोचल्यावर मी मनात ‘एक’ म्हणतो, मगच पालटतो. पट्ट्याचे काप सांगितल्याप्रमाणे बसवले. आता डोळे मिटून बोट फिरवले तर ती जागा सापडत नाही. भिंगातून धारेवर चार ठिकाणी पांढरे ठिपके दिसले, त्यांपैकी दोन बरोबर गंजाच्या जागी होते. त्या जाणकार गृहस्थांनी बारीक दगडावर वस्तरा पुन्हा करून दिला आणि पट्टा गजाऐवजी दाराच्या चौकटीत कमरेच्या उंचीवर कडी मारून अडकवायला सांगितले. गज खांद्याच्या वर असल्यामुळे हात लोंबकळून पट्ट्यावर भार पडत होता, हे मला आधी कळलेच नव्हते.

त्यानंतर अकरा दाढ्या झाल्या आहेत आणि गालावर तो पहिल्या दिवसाचा गुळगुळीतपणा टिकून आहे. एक अडचण उरली आहे. पात्याच्या टोकाकडचा सुमारे अर्धा इंच भाग नाकाखाली वापरताना ओढतो, बाकी धार उत्तम असताना. भिंगात तिथे टवका दिसत नाही. हे कशामुळे होत असावे?

उत्तर : लालबागचा जुना रहिवासी

टोकाला चामडे मिळत नाही. मान धरलेला हात अभावितपणे खाली दाबला जातो आणि टोक केसभर उचलले जाते. तिरके ओढताना, म्हणजे टोकाकडचा भाग पट्ट्यावर यायच्या वेळी, हे अधिक होते. आपण दाराच्या चौकटीत उभे राहता, तर उजेड समोरून येईल असे उभे राहा आणि फेरीच्या शेवटी पात्याखालून उजेडाची फट दिसते का, ते पाहा. फट दिसली तर मनगट तसूभर वर घ्या. टोकावर दाब देऊन भरपाई करू नका, त्याने टोकाची धार गोल होईल. आठवडाभर फेऱ्या निम्म्या करा आणि प्रत्येक फेरीचे शेवटचे चार बोटे अंतर पाहून ओढा. त्यानंतरही नाकाखाली ओढ राहिली, तर पुन्हा लिहा. मग त्या भागाला दगडावर धार कशी बसली आहे, ते पाहावे लागेल.